लाकडाचा चितूर

द्रोणाचार्यांनी घेतलेली ती प्रसिद्ध परीक्षा मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. झाडाच्या शेंड्यावर पक्षी, खाली धनुष्य सरसावलेले राजपुत्र आणि प्रत्येकाला एकच प्रश्न : तुला काय दिसते? युधिष्ठिराला झाड दिसले, भाऊ दिसले, गुरुजी दिसले आणि पक्षीही दिसला. इतके सारे दिसले म्हणून तो बिचारा नापास झाला! अर्जुनाला मात्र पोपटाचा डोळा तेवढा दिसला आणि तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. मूळ संस्कृतात तो पोपट नाही, ‘भास’ नावाचा पक्षी आहे, आणि अर्जुनाला दिसते ते त्याचे डोके; डोळा आपण मागाहून दिला. पण पाठभेदांची ही चर्चा मी वर्गातल्या मुलांसाठी राखून ठेवतो. दिवाळीच्या फराळाबरोबर ती कुणाला पचायची नाही.

मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच. तो पक्षी खरा नव्हता. द्रोणाचार्यांनी तो कारागिरांकडून करवून घेतला होता, असे महाभारत स्पष्ट सांगते. कशाचा केला होता ते सांगत नाही. पण झाडाच्या शेंड्यावर चढवायचा म्हणजे तो हलक्या लाकडाचाच असणार, असे मी आपला धरून चालतो. आता विचार करा. राजपुत्रांना खालून तो खरा वाटला पाहिजे. म्हणजे त्याची मान, पाठ, पंखांची ठेवण, फांदीवर पकडलेली बोटे, सारे काही जिथल्या तिथे हवे. अर्जुनाने त्या पक्ष्याचे फक्त डोके पाहिले. ज्याने तो घडवला त्याने मात्र अख्खा पक्षी पाहिला होता; तो कोणत्या फांदीवर बसतो, वाऱ्याकडे तोंड करतो की पाठ, हेही पाहिले होते. अर्जुनाचे नाव अजरामर झाले. त्या कारागिराचे नाव व्यासांनीही लिहून ठेवले नाही. त्या अनाम माणसाच्या धंद्याविषयी हा लेख आहे.

मराठी शिकवणाऱ्याने सुतारकामावर का लिहावे, असा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये तर विचारला जातोच, घरीही विचारला जातो. ‘अहो, घरात जित्या माणसांना टेकायला जागा नाही आणि तुमची ही पाखरं कपाटावर, टेबलावर, देवघराच्या माळ्यावर!’ हा सौभाग्यवतींचा आक्षेप मला मान्य आहे. गेली कित्येक वर्षे रविवार आला की मी लाकूड कोरतो. फळे नाहीत, देव नाहीत, फक्त पक्षी; आणि पक्ष्यांतही एके काळी शिकारीचे म्हणून ओळखले जाणारे. चितूर, लावा, पखुर्डी, रानकोंबडा. पट्टीचे कारागीर माझ्या कामाला हसतील. पण या छंदाने मला जे पाहायला शिकवले ते एम.ए.च्या दोन वर्षांत शिकायला मिळाले नव्हते.

माळकरी पक्षी

माझ्या छंदाची शाळा जोतिबाच्या डोंगरावर भरते. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे अठरा किलोमीटरांवर हा डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच, माथ्यावर वाडी रत्नागिरी हे गाव आणि गावात केदारलिंगाचे, म्हणजे आपल्या जोतिबाचे, काळ्या दगडातले देऊळ. आजचे देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधले. चैत्री पौर्णिमेला इथे जो मेळा जमतो त्याचे वर्णन करायला माझी लेखणी तोकडी आहे. सासनकाठ्या नाचत असतात, खोबऱ्याची आणि गुलालाची उधळण चाललेली असते आणि ‘चांगभलं’च्या गजराने डोंगर दुमदुमतो. त्या दिवशी डोंगर माणसांचा असतो. उरलेल्या दिवसांत, विशेषतः पहाटे, तो बराचसा पाखरांचा असतो.

गायमुखाच्या बाजूने किंवा पोहाळ्याकडून, तिथल्या जुन्या बौद्ध लेण्यांवरून, सकाळी वर चढू लागावे. गवत गुडघ्यापर्यंत असते, मधून मधून करवंदीच्या जाळ्या आणि बोरी-बाभळी. खाली वारणेकडे उसाची हिरवी चादर, समोर पन्हाळा. अशा वेळी कुठून तरी खणखणीत हाक येते : ‘क-तीतर, क-तीतर!’ एकाने सुरुवात केली की दुसरा उत्तर देतो आणि दोन मिनिटांत सारा उतार भांडू लागतो. पुस्तकात याला राखी तित्तिर म्हणतात. कुठे तितर, कुठे चितूर. मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’त एकेका पक्ष्याची गावोगावची नावे दिली आहेत, ती वाचताना वाटते की या पाखरांनी महाराष्ट्राच्या बोलींचा अभ्यास आमच्या आधी केला आहे.

चितूर कोंबडीपेक्षा लहान, लांबीने सुमारे तेरा इंच, वजनाने पाव किलोच्या थोडा वर. रंग धुळीचा. जवळून पाहाल तर त्या धुळीवर इतके बारीक काम दिसते की पैठणी विणणाऱ्याने हात जोडावेत. छातीवर केसासारख्या आडव्या रेघा, पाठीवर तांबूस-तपकिरी ठिपके, पाय मळकट तांबडे. गळा फिकट पिवळसर आणि त्याच्या भोवती काळ्या रंगाची बारीक माळ. खरा माळकरी पक्षी! मात्र त्याला खाणारे बहुधा माळकरी नव्हते. तो उडायला आळशी, पण धावायला पक्का. चाहूल लागली की आधी दबतो, मग मान पुढे काढून गवतातून पळतो, आणि पाय अगदी जवळ आला म्हणजेच भुर्रकन् उठतो. उठला की शेपटीचा तांबूस रंग क्षणभर दिसतो आणि छातीत धस्स होते.

मेस्त्रींचे बोल

हे सारे मला एकट्याला दिसले नसते. ते दाखवणारे गुरू डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात राहतात. ऐंशीच्या घरातले सुतार. सारा गाव त्यांना ‘मेस्त्री’ म्हणतो, मीही मेस्त्रीच म्हणतो. उभी हयात त्यांनी बैलगाड्या, नांगर आणि दारे-खिडक्या केल्या. पोरवयात साहेबलोकांच्या आणि बड्या शेतकऱ्यांच्या शिकारीत ते हाकारे घालायला जात. ओळीने चालायचे, डबे वाजवायचे, पाखरे उठवायची. त्या बदल्यात दोन आणे आणि कधी एखादे पाखरू.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आहेत. ती पाहून आल्यावर मी मेस्त्रींना म्हटले, ‘मेस्त्री, पेंढा भरलेल्या पक्ष्यावरून कोरलं तर काम सोपं होईल नाही?’ ते विडी विझवून म्हणाले, ‘रंगाला चालंल, सर. पर बसल्यालं पाखरू येगळं आनि बसिवल्यालं पाखरू येगळं.’

सौंदर्यशास्त्रावर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. इतके थोडक्यात कुणी सांगितले नाही. पेंढा भरणारा मेलेल्या पक्ष्याच्या कातड्यापासून सुरुवात करतो; रंग, पिसे, माप, सारे अस्सल असते. पण उभे राहणे ही गोष्ट कातड्यात नसते. चितूर सावध असतो तेव्हा त्याची मान किती ताणते, निर्धास्त असतो तेव्हा छाती किती खाली येते, दाणे टिपताना कुठल्या पायावर भार असतो, हे जिवंत पक्ष्यापाशीच शिकावे लागते. म्हणून मेस्त्रींचा पहिला धडा हत्याराचा नव्हताच. ‘धा सकाळी नुसतं बसायचं. कागद न्हाई, पेन्सील न्हाई. चितूर दिसायच्या आदी ऐकू येतोय. आदी ऐका.’ प्राध्यापकाला दहा दिवस न बोलता बसवणे सोपे नव्हे. पण डोंगराने ते करून दाखवले.

लाकूड, पटाशी आणि काचेचा मणी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लाकूड निवडण्यात अर्धे यश असते. बाभळीच्या वाटेला जाऊ नये, ती नांगरासाठी. साग टिकाऊ खरा, पण बारीक कामात त्याची शीर सरळ उभी फाटते आणि पिसाऐवजी ढलपी हातात येते. आंबा स्वस्त, पण त्याला भुंगा लवकर लागतो. सावंतवाडीच्या चितार आळीतले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी फळे करतात. पाटात ठेवलेली ती केळी, आंबे, सीताफळे पाहून पाहुण्याने हात पुढे करावा आणि यजमानाने गालात हसावे! त्यांचे आवडते लाकूड पांगाऱ्याचे. फुलासारखे हलके आणि मऊ. मी शिवण वापरतो. ती जरा कठीण, पण वाकत नाही, फारशी चिरत नाही आणि पटाशीखाली लोण्यासारखी निघते. वखारीतून आणलेला ठोकळा सावलीत वर्षभर पडू द्यावा, त्याच्या दोन्ही तोंडांना मेण फासावे. ओल एकदम निघाली की लाकूड तडकते.

पक्ष्याचे दोन आराखडे लागतात. एक बाजूने, एक वरून. ते पुठ्ठ्यावर कापून ठोकळ्यावर मांडायचे. लाकडाची शीर चोचीपासून शेपटीकडे धावली पाहिजे. आडवी गेली तर चोच पहिल्या धक्क्याला तुटते. मान वळलेली दाखवायची असेल तर डोके वेगळ्या तुकड्यातून कोरावे आणि मानेत लाकडी खुंटी घालून जोडावे, म्हणजे तिथेही शीर चोचीच्या दिशेने ठेवता येते. ठोकळ्याच्या बरोबर मधून एक रेघ मारायची आणि ती कामाच्या शेवटापर्यंत पुसू द्यायची नाही. पुसली तर पुन्हा काढायची. ती गेली की एक बाजू जाड आणि एक बारीक होते आणि चितूर सुजल्यासारखा दिसतो.

आधी करवत, मग वाकस, मग पटाशी, मग मरफा आणि कानस, शेवटी काचकागद. हा क्रम मोडू नये. नवशिक्याचा हात लगेच पिसांकडे धावतो. मेस्त्री म्हणत, ‘आदी अंग, मग अंगरखा.’ अंग नीट झाले नसेल तर पिसांची कितीही नक्षी केली तरी ती नक्षीच राहते. अंग साधले की पिसे एकेकटी कोरायची नाहीत. त्यांचे थवे कोरायचे. छातीवरची पिसे एका दिशेने वाहतात, खांद्यापाशी वळतात, पंखावर एकमेकांवर कौलांसारखी बसतात. आधी ते वाहणे पटाशीने आणायचे, मग तापवलेल्या सुईच्या टोकाने बारीक रेघा. एका चितुराला या रेघांचेच चार रविवार लागतात. त्या चार रविवारी आमच्या घरात पोळी करपल्यासारखा वास येतो आणि त्याचा आळ विनाकारण स्वयंपाकघरावर जातो.

डोळे काचेच्या मण्यांचे. दोन्ही डोळे एका पातळीत आणि चोचीपासून सारख्या अंतरावर हवेत. केसभर चुकले तर पक्षी चकणा होतो. पाय तारेचे, बोटे डाख देऊन जोडायची. पाय कुठे रोवायचे हा तर सगळ्यात नाजूक प्रश्न. पक्ष्याचा भार जिथे तोलला जातो तिथे ते नसतील तर लाकडी पक्षीही पडेल, आणि पडला नाही तरी पाहणाऱ्याला वाटेल की हा आता पडणार. जिवंत चितूर कधी पडणार असे वाटत नाही. तो पळणार असे वाटते.

राहिला रंग. चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा पातळ थर आधी द्यावा. सावंतवाडीचे चितारी गंजिफाच्या पानांना असाच थर देतात. त्यावर रंग चढवावा, पण चकाकी येऊ देऊ नये. लाखेच्या रंगाने चमकणारा पक्षी पाळण्यावरच्या चिमणाळ्यात शोभतो. तिथे तो बाळाचे लक्ष वेधण्यासाठीच असतो. चितुराचा रंग निसर्गाने नेमक्या उलट कामासाठी दिला आहे. लपण्यासाठी.

म्हणून मेस्त्रींची शेवटची परीक्षा द्रोणाचार्यांच्या परीक्षेपेक्षा अवघड आहे. तयार झालेला पक्षी घेऊन डोंगरावर जायचे. मी तोंड फिरवून उभा राहायचे, त्यांनी तो गवतात ठेवायचा. मग मी वीस पावलांवरून शोधायचा. पहिल्या नजरेत दिसला तर रंग फसला. बराच वेळ दिसला नाही तर मेस्त्री खूश. ‘घावलं न्हाई म्हंजे जमलं, सर.’ इतक्या कष्टाने केलेली वस्तू कुणाला दिसू नये यासाठीच केलेली असावी, ही गोष्ट एखाद्या कवीला सांगून पाहा!

हुबेहूबपणाचे वेड

कोल्हापूरच्या हवेत हुबेहूबपणाचे वेड मुळातच आहे. १८९० साली इथे सुताराच्या घरात जन्मलेल्या बाबूराव कृष्णराव मेस्त्रींनी लाकूड कोरता कोरता चित्रे काढली, पडदे रंगवले, ‘पेंटर’ हे नाव मिळवले आणि १९१८ च्या सुमारास सहकाऱ्यांच्या मदतीने चक्क सिनेमाचा कॅमेरा घडवला. त्यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की तो कापावा लागला, असे सांगतात. सुताराच्या हाताला नजर लाभली की काय होते याचा याहून मोठा दाखला कशाला हवा?

पण सुताराने पक्षी कोरावा आणि त्या पक्ष्याने खरे पक्षी फसवावेत, ही विद्या जगात इतरत्र फोफावली. अमेरिकेत नेवाडा प्रांतातल्या लव्हलॉक नावाच्या गुहेत १९२४ साली पाणगवताची बदके सापडली, एकूण अकरा. तिथल्या मूळ रहिवाशांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती वळली, त्यांवर रंग आणि पिसे चढवली. ती पाण्यावर सोडायची, वरून जाणारा थवा ‘आपली मंडळी दिसतात’ असे समजून उतरायचा आणि शिकाऱ्याच्या टप्प्यात यायचा. गोरे लोक आले, त्यांनी तीच युक्ती लाकडात उतरवली. बंदुका सुधारल्या, आगगाड्या आल्या आणि पक्ष्यांचे मांस टोपल्यांनी शहरांत जाऊ लागले. ज्यांच्या थव्यांनी आकाश झाकून जात असे त्या प्रवासी पारव्यांपैकी शेवटचा १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. १९१८ साली कायदा झाला, धंदेवाईक शिकार थांबली. पुढे १९३५ साली जिवंत पक्षी बांधून इतरांना भुलवण्याचीही बंदी झाली.

आणि मग मोठी मौज झाली. शिकार आटली, पण लाकडी पक्षी आटले नाहीत. मेरीलँडमधल्या क्रिसफील्ड गावी लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे दोघे भाऊ हजामतीचे दुकान चालवीत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बदके कोरीत. पाण्यावर भुलवण्यासाठी केलेली त्यांची बदके लोक पाण्यात सोडेनात. दिवाणखान्यात मांडू लागले. १९७१ पासून त्यांच्या नावाने लाकडी पक्ष्यांची जागतिक स्पर्धा भरते. ज्या वस्तूने पक्षी मारवले त्याच वस्तूपायी माणसे पक्ष्यांकडे निरखून पाहू लागली.

आपल्याकडची पारध

आपल्याकडे लाकडाच्या पक्ष्याची गरज पडली नाही, कारण आपल्याकडे फासेपारधी होते. घोड्याच्या केसांचे फासे आणि पाळलेला एक चितूर. तो पिंजऱ्यातून ओरडला की रानातला नर चवताळून भांडायला येई आणि फाशात सापडे. या विद्येला लागणारी पक्ष्याची ओळख कोणत्याही पक्षितज्ज्ञाला हेवा वाटावा अशी होती. आणि या विद्येच्या धन्यांना इंग्रजांच्या राज्यात जन्मतः गुन्हेगार ठरवून चावडीवर हजेरी द्यावी लागे. ही हजेरी कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली बंद केली. त्यांनी कोल्हापूरजवळ सोनतळीला या लोकांना आसरा दिला, पहाऱ्याची कामे दिली. चोर म्हणून ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांनाच राखणदार करायचे, हे धाडस त्यांचेच. महाराज स्वतः नामांकित शिकारी होते. फासा टाकणाऱ्याच्या डोळ्याची किंमत शिकाऱ्याला कळली, यात नवल ते काय?

बंदुकीच्या शिकाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने नगर जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. नऊशे एकसष्ट! आज सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली केलेले अभयारण्य आहे, आणि तिथे एक माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. हिमालयातला एक लावा १८७६ नंतर कुणाच्याही हाती लागला नाही. त्याची पेंढा भरलेली कातडी तेवढी संग्रहालयांत आहेत. ‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड’ ही म्हण या पाखरांनी रचली असती तर शोभली असती.

कायदे आपल्याकडेही झाले. मुंबई राज्याने १९५१ साली केला. कोल्हापूरच्या राजांच्या शिकारीचे दाजीपूरचे रान १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. १९७२ साली देशाचा कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची सोयही गेली. मेस्त्रींच्या हाकाऱ्याला आता काम नाही. बंदूक गेली. मग डोंगरावरचे चितूर वाढले असतील, असे आपल्याला वाटेल.

‘पडीक’ हा शब्द

इथे मला माझ्या मूळ धंद्याकडे, म्हणजे शब्दांकडे, वळावे लागते. चितूर, लावा, पखुर्डी, माळढोक ही सारी जमिनीवर घरटे करणारी पाखरे. त्यांना दाट जंगल नको, शेतही पुरत नाही. त्यांना हवा माळ. गवत, खडी, तुरळक बोरी-बाभळी. आणि या माळाला आपण बोलताना काय म्हणतो? ‘पडीक.’ ज्या जमिनीवर गवत आहे, गुरे चरतात, मेंढरे फिरतात, चितूर अंडी घालतो, ती पडीक! शब्द असा पडला की पुढचे सारे आपोआप घडते. पडीक जमिनीवर प्लॉट पाडता येतात, खाणी काढता येतात, कचरा टाकता येतो, आणि काहीच जमले नाही तर ओळीने झाडे लावून पुण्यही मिळवता येते. झाडे लावणे वाईट असे कोण म्हणेल? पण गवताळ माळावर दाट झाडे लावली की गवत मरते, आणि गवत मेले की चितुराचे घर जाते. बंदुकीला निदान एका वेळी एक पाखरू मारावे लागत होते.

जोतिबाच्या उतारावर अजून चितूर ओरडतो. पायथ्याच्या ज्या माळावर मेस्त्रींनी पोरवयात हाकारे घातले, तिथे आता अर्धा ऊस आहे आणि अर्ध्यात सिमेंटचे खांब रोवून हद्दी आखल्या आहेत. मेस्त्री तिथे उभे राहतात आणि बोट दाखवतात : ‘हितं लावं, तितं चितूर, त्या तिकडं पखुर्ड्या पानी प्यायला यायच्या.’ मी नुसते खांब पाहतो. त्यांना मात्र पाखरेच दिसत असावीत.

गेल्या वर्षी मी माझा एक चितूर वर्गात नेला आणि टेबलावर ठेवून विचारले, ‘हे काय?’ मागच्या बाकावरच्या गगनबावड्याकडच्या एका मुलाने चटकन सांगितले, ‘तितर हाय, सर.’ पुढच्या बाकांवर मात्र ‘कोंबडीचं पिल्लू’पासून ‘चिमणीची आई’पर्यंत उत्तरे आली. मुले हुशार होती. पुढे परीक्षेत त्यांना उत्तम गुणही मिळाले. पण मला त्या तासाला एक गोष्ट कळून चुकली. पक्षी रानातून जातो तेव्हा तो भाषेतूनही जातो. शब्दकोशात त्याचे नाव राहते, पण ते पेंढा भरलेल्या पाखरासारखे : रंग, माप, लिंग, वचन सारे बरोबर, आणि उभे राहणे तेवढे गेलेले.

म्हणून मला लाकडी पक्ष्याचे फार कौतुक वाटते आणि थोडी भीतीही वाटते. कौतुक यासाठी की तो कोरणाऱ्याला पाहायला भाग पाडतो. मारणाऱ्याला एक ठिकाण दिसले की पुरते. कोरणाऱ्याला माती, गवत, वाट, ऋतू, जोडीदार, शत्रू, सारे पाहावे लागते. द्रोणाचार्य क्षमा करोत, पण पक्षी घडवणाऱ्यांच्या शाळेत युधिष्ठिरच पहिला आला असता. आणि भीती अशी की उद्या डोंगरावरून हाक येईनाशी झाली तर माझ्या कपाटावरचे हे ठोकळे तिची जागा घेऊ शकणार नाहीत. त्यांना जिवंत चितुराच्या शेजारीच अर्थ आहे. तो नसेल तर ती नुसती सुबक खेळणी.

तरीही निराश व्हावे असे मला वाटत नाही. अकोला-वाशीम भागात फासेपारध्यांच्याच कुटुंबांनी गवताची राने राखायला घेतली आहेत. ज्या डोळ्यांनी फासे मांडले तेच डोळे आता घरटी सांभाळतात. शाहू महाराजांना हे पाहून आनंद झाला असता. आपल्यालाही आपापल्या गावच्या गायरानाला ‘पडीक’ म्हणायचे सोडून ‘माळ’ म्हणता येईल. एवढ्याने कायदा बदलत नाही, हे खरे. पण ज्याला नाव नीट आहे ते विकायला जरा अवघड जाते.

आणि दिवाळी आहे म्हणून एक सुचवतो. अंगणात मुले किल्ला करीत असतील. मावळे आले असतील, बुरुजावर महाराज बसले असतील, उतारावर अळीव पेरून हिरवे रानही उगवले असेल. त्या रानात एक पाखरू ठेवायला सांगा. लाकडाचे जमले तर उत्तम, नाही तर मातीचे. ते असे ठेवा की येणाऱ्या पाहुण्याला सहज दिसू नये. आणि भाऊबीज आटोपली की एका पहाटे मुलांना घेऊन जवळच्या माळावर जा. बोलू नका, कागद-पेन्सील नेऊ नका. आधी ऐकायचे आहे.